स्टेंट बसला, पण आजार गेला का?

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमान 56 वर्षांचे. माळकरी, म्हणजे मांस-मच्छी नाही, दारू नाही, सिगारेट नाही, 'फक्त थोडी तंबाखू'. दहा-बारा वर्षांपासून शुगर आणि बीपी. तीन वर्षांपूर्वी अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे फुग्याने नळी उघडली, आणि ती उघडी ठेवायला एक स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसला. आणखी दोन ठिकाणी पन्नास-साठ टक्के ब्लॉक आहेत असं तेव्हाच सांगितलं होतं. वर्षभर गोळ्या नीट घेतल्या. मग कुणीतरी सांगितलं की कोलेस्टेरॉलच्या गोळीने लिव्हर खराब होतं, म्हणून ती बंद केली. हल्ली संध्याकाळी पाय सुजतात. एक नातेवाईक नळ्या साफ करणाऱ्या सलाईनचा कोर्स घ्या म्हणून मागे लागले आहेत. ताईंना विचारायचं आहे की एवढं पथ्याने राहूनही हे का झालं, मुळापासून बरं होतं का, उरलेल्या ब्लॉकचं काय करायचं आणि गोळ्या किती दिवस घ्यायच्या. शिवाय त्यांच्या जावेच्या हृदयाची झडप खराब आहे, तिला दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन असतं. ते आता बंद केलं तर चालेल का, हेही विचारलं आहे.

ताई, दोन गोष्टी आधी करा, बाकीचं सावकाश वाचा. कोलेस्टेरॉलची गोळी कोणती आणि किती पॉवरची होती ते जुन्या कागदांत शोधा, या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा आणि ती पुन्हा सुरू करून घ्या. आणि सलाईनच्या कोर्सचे पैसे भरले नसतील तर भरू नका.

आता मूळ प्रश्नाकडे. बहुतेकांच्या डोक्यात हृदयाच्या रक्तवाहिनीचं चित्र असतं ते पाण्याच्या पाइपाचं. आत गंज चढला, पाइप चोंदला, कुणी खरवडून काढला की पुन्हा पाणी चालू. हे चित्र डोक्यातून गेल्याशिवाय पुढचं काही पटत नाही, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवते. रक्तवाहिनी जिवंत असते. तिच्या भिंतीला आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. बीपी, साखर आणि तंबाखू यांनी हे अस्तर दुखावलं की रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल त्यातून भिंतीच्या आत शिरतं. शरीर त्याला परकं समजून पांढऱ्या पेशी पाठवतं, त्या पेशी चरबी खाऊन तिथेच फुगतात, मरतात, आणि भिंतीच्या जाडीत एक मऊ गाठ तयार होते. तिच्यावर पातळ पापुद्रा असतो. ही गाठ वर्षानुवर्षं मुकाट वाढते. सुरुवात तिशीत, कित्येकदा त्याआधीही झालेली असते.

एके दिवशी तो पापुद्रा फाटतो. आतला ऐवज रक्ताला लागतो, रक्त तिथे गोठतं आणि काही मिनिटांत नळी बंद होते. तोच हार्ट अटॅक. फाटणारी गाठ मोठीच असते असं नाही. पुष्कळ अटॅक अशा जागी येतात जिथे आधी अर्धी नळीसुद्धा बंद नव्हती. म्हणून तर 'महिन्यापूर्वी ईसीजी नॉर्मल होता, स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती, मग असं कसं झालं' हा प्रश्न नातेवाईक आम्हाला आयसीयूच्या दारात विचारतात. त्या चाचण्यांना अरुंद झालेली नळी कळते. भिंतीतली मऊ गाठ त्यांना दिसत नाही.

यजमानांच्या बाबतीत नेमकं काय घडलं असेल? अटॅकच्या आधीच सात-नऊ वर्षं शुगर आणि बीपी. ही दोन्ही भिंतीवर काम करत होती. त्यात तंबाखू. ताई, तुम्ही 'फक्त थोडी' लिहिलंय, पण माझ्या लेखी यादीत ती पहिल्या ओळीत येते. चुना लावून मळलेली तंबाखू असो, मशेरी असो की गुटखा असो, धूर निघत नसला तरी निकोटिन रक्तात जातंच, नाडी वाढवतं, वाहिन्या आवळतं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या 52 देशांतल्या मोठ्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही हार्ट अटॅकचा धोका साधारण दुप्पट दिसला होता. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक बायका 'कसलंच व्यसन नाही' असं अगदी प्रामाणिकपणे सांगतात आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. वेगळं विचारल्याशिवाय ते बाहेर येत नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. आपल्या भागातल्या, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ इथल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी आला होता, इतरांना 59 च्या आसपास. कारणं मात्र तीच ठरलेली: तंबाखू, कोलेस्टेरॉलमधला बिघाड, बीपी, शुगर, पोटाचा घेर, ताण, भाज्या-फळं कमी खाणं, व्यायाम नसणं. बहुतेक धोका एवढ्यातच येतो. आपल्याकडे ती लवकर सुरू होतात आणि एकत्र येतात. हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढे, ही आपली ठेवण वजनकाट्यावर साधी दिसते, पण पोटातली चरबी साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही बिघडवते. पुरुषांचा कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांचा 80 च्या आत हवा. ही आपल्या लोकांसाठीची मापं आहेत.

शाकाहाराचं म्हणाल तर तो चांगलाच, पण त्याने कवच मिळत नाही. एकादशीला साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस आणि तळलेल्या पापड्या, एरवी दोन वेळा भरपूर भात, चहाबरोबर खारी नाहीतर फरसाण, प्रसादाचा शिरा. यात मांस कुठेच नाही, पण पिठूळ, गोड आणि तळलेलं सगळं आहे. ताटात भाजी, उसळ, डाळ आणि कोशिंबीर मिळून निम्म्याहून जास्त असावी आणि भात-पोळी उरलेल्या जागेत, एवढं जमलं तरी पुष्कळ झालं. शेंगदाणे, अक्रोड, बदाम मूठभर चालतात. तेल कोणतं, यावर घरोघरी भांडणं होतात. त्याहून महिन्याला किती लिटर संपतं ते बघणं माझ्या मते जास्त उपयोगाचं.

दुसरा प्रश्न, मुळापासून बरं होतं का. नाही. पण आवाक्यात राहतं, आणि या दोन उत्तरांमधलं अंतर खूप मोठं आहे. भिंतीतली गाठ नाहीशी होत नाही. एलडीएल पुरेसं खाली आणलं तर मात्र ती आक्रसते, आतली चरबी कमी होते, वरचा पापुद्रा जाड होतो, ती फाटायची शक्यता घटते. हे काम स्टेंट करत नाही. स्टेंटने तुमच्या यजमानांचा त्या दिवशी जीव वाचवला यात शंका नाही. बंद पडलेली नळी त्याने उघडली आणि हृदयाचा स्नायू मरायचा थांबला. पण स्टेंट असतो दोन-तीन सेंटिमीटरचा. उरलेल्या सगळ्या वाहिन्यांच्या भिंती, मेंदूकडे, किडनीकडे, पायाकडे जाणाऱ्यासुद्धा, तशाच राहतात. त्यांच्यावरचा उपचार म्हणजे गोळ्या, तंबाखू सोडणं आणि चालणं.

म्हणून मला सर्वांत जास्त खंत वाटते ती कोलेस्टेरॉलची गोळी बंद झाल्याची. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन, यांना स्टॅटिन म्हणतात. या जातीचं पहिलं औषध 1970 च्या दशकात अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाला एका बुरशीत सापडलं. 1994 साली स्कँडिनेव्हियातल्या 4,444 हृदयरुग्णांवरच्या अभ्यासात स्टॅटिन घेणाऱ्यांमधले मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. तेव्हापासून इतके अभ्यास झाले आहेत की हृदयाच्या कुठल्याही औषधाविषयी आमची एवढी खात्री नसेल. ढोबळ हिशेब असा: एलडीएल दर 39 मिलिग्रॅमने उतरलं की अटॅक, पक्षाघात वगैरेचा धोका साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो. अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल 55 च्या खाली असावं असं आता मानलं जातं. लॅबच्या रिपोर्टवर '100 पर्यंत नॉर्मल' छापलेलं असतं ते धडधाकट माणसासाठी. रिपोर्टमध्ये लाल रंग नाही म्हणून गोळी थांबवणारे पुष्कळ जण मी बघते. आकडा त्या गोळीमुळेच उतरलेला असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

लिव्हरचं काय? सुरुवातीला काही जणांचे लिव्हरचे आकडे किंचित वाढतात आणि बहुधा आपोआप खाली येतात. खरी इजा फार दुर्मीळ. अंगदुखीची तक्रार जास्त ऐकू येते. 2020 साली इंग्लंडमध्ये एक छान प्रयोग झाला. स्टॅटिनचा त्रास होतो म्हणून ती सोडलेल्या लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. कोणत्या महिन्यात कोणती गोळी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जो त्रास खऱ्या गोळीने झाला त्यातला 90 टक्के निरुपयोगी गोळीनेही झाला. त्रास खोटा नव्हता, दुखत होतंच. पण दुखण्याचं कारण बहुतेक वेळा औषधातलं द्रव्य नव्हतं. तरीही खरोखर दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, एझेटिमाइबसारखी दुसरी जोड देता येते. मनाने बंद करणं तेवढं नको.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. अटॅकनंतर स्टेंट बसला की साधारण वर्षभर दोन गोळ्या, एक अ‍ॅस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा तिकाग्रेलॉर, आणि नंतर बहुधा एक गोळी कायम. पहिल्या काही महिन्यांत यातली गोळी अचानक बंद केली तर स्टेंटमध्येच रक्त गोठून पुन्हा मोठा अटॅक येऊ शकतो. दाढ काढायची म्हणून दातांच्या दवाखान्यात सांगितलं आणि गोळी थांबवली, असं होऊ देऊ नका. आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

आता उरलेल्या दोन ब्लॉकचं. ताई, यजमानांना चालताना छातीत भरून येत नसेल, दम लागत नसेल, तर पन्नास-साठ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये स्टेंट घालून आयुष्य वाढत नाही. मी हे एवढ्या ठामपणे लिहिते कारण हा प्रश्न पुन्हा पुन्हा तपासला गेला आहे. 2007 मध्ये 'करेज' आणि 2020 मध्ये 37 देशांतला, पाच हजारांवर रुग्णांचा 'इस्केमिया' अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अर्ध्या रुग्णांना चांगली औषधं आणि अर्ध्यांना औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास दिली. काही वर्षांनी बघितलं तर मृत्यू दोन्हीकडे सारखेच. छातीत दुखणं मात्र स्टेंट-बायपासवाल्यांचं जास्त कमी झालं. हे स्थिर आजाराचं आहे बरं का. अटॅक चालू असताना स्टेंटला पर्याय नाही, तिथे दर मिनिटाला स्नायू मरत असतो.

औषधं नीट घेऊनही चालताना छातीत दुखू लागलं, तर उरलेल्या ब्लॉकचा विचार करायचा. डाव्या मुख्य धमनीत मोठा ब्लॉक असेल, किंवा तिन्ही वाहिन्या खराब आणि सोबत शुगर असेल, तर बायपास बहुधा सरस ठरते. शुगर असलेल्या 1,900 रुग्णांवरच्या 2012 च्या 'फ्रीडम' अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. तेव्हा पुढेमागे कुणी 'तिन्ही ठिकाणी स्टेंट टाकून देऊ' म्हटलं, तर 'यांना शुगर आहे, बायपास जास्त चांगली नाही का' हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी घ्यायचं.

आणि सलाईन. चिलेशन म्हणतात त्याला. शिरेतून औषध देऊन वाहिन्यांतलं कॅल्शियम ओढून काढतो असा दावा असतो. पन्नास-साठ टक्क्यांचा ब्लॉक त्याने धुऊन निघत नाही. अटॅक येऊन गेलेल्या, शुगर असलेल्या रुग्णांवर, म्हणजे तुमच्या यजमानांसारख्यांवरच, याची मोठी चाचणी झाली आणि 2024 मध्ये तिचा निकाल आला. काहीही फायदा दिसला नाही. पायांना पट्टे बांधून दाब देणारं ईईसीपी मशीनही 'बायपासशिवाय ब्लॉक गायब' म्हणून विकलं जातं. ज्यांना स्टेंट-बायपास शक्य नाही आणि औषधांनीही छातीतलं दुखणं थांबत नाही अशा काहींना त्याने आराम पडतो, पण ब्लॉक जागचा हलत नाही. पैशांपेक्षा मला भीती वेगळीच वाटते. असे कोर्स घेणारी माणसं 'आता नळ्या साफ झाल्या' म्हणून गोळ्या सोडतात.

पायांच्या सुजेकडे येते, कारण तुम्हाला सर्वांत जास्त काळजी तिचीच दिसते. संध्याकाळी त्यांना कॉटवर बसवा. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खळगा उरला तर पाणी साठलंय. मग बघा: सूज दोन्ही पायांना सारखी की एकालाच? सकाळी उतरते का? पायऱ्या चढताना पूर्वीपेक्षा लवकर धाप लागते का? रात्री दोन-तीन उशा घ्याव्या लागतात का? झोपेतून गुदमरून उठतात का? वजन अचानक वाढलंय का?

दोन्ही घोट्यांना सूज, सकाळी कमी, धाप नाही, वजन तेवढंच असेल, तर गोळ्यांच्या पिशवीत अ‍ॅम्लोडिपिन आहे का बघा. बीपीची ही अतिशय चांगली आणि स्वस्त गोळी आहे, पण तिने, विशेषतः 10 मिलिग्रॅमच्या डोसने, कित्येकांचे घोटे सुजतात. तिथे हृदय कमजोर झालेलं नसतं आणि लघवीच्या गोळीनेही फारसं उतरत नाही. डोस निम्मा करून टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्याच दुसऱ्या गोळीची जोड दिली की बहुधा भागतं. याउलट एकाच पायाला सूज, पोटरी दुखरी आणि गरम असेल, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. त्यासाठी त्याच दिवशी दाखवायचं, अंगावर काढायचं नाही.

आणि धाप असेल, उशा वाढल्या असतील, तर अटॅकने स्नायूचा काही भाग मेल्यामुळे हृदयाचं पंपिंग कमी झालंय का ते इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून बघायला हवं. रिपोर्टवर 'ईएफ' म्हणून टक्केवारी असते, म्हणजे दर ठोक्याला हृदयात भरलेल्यापैकी किती रक्त बाहेर फेकलं जातं ते. ती 100 कधीच नसते, 55-60 म्हणजे उत्तम. ईएफ 40 च्या खाली असेल तर आज आमच्याकडे चार प्रकारची औषधं आहेत आणि चारही एकत्र द्यायची असतात: सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन किंवा त्याच्या आधीच्या पिढीतलं औषध, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन. शेवटची मुळात शुगरची. 2019 मध्ये कळलं की शुगर नसलेल्यांच्याही कमजोर हृदयाला ती मदत करते, आणि 2020 मध्ये तिचं पेटंट संपल्यावर आपल्याकडे किंमत खूपच उतरली. या चारांनी कित्येकांचं ईएफ काही महिन्यांत वर चढताना मी बघते. 'हार्ट फेल्युअर' हे शब्द ऐकून घरात जी रडारड होते ती मला समजते, पण त्याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही. याच शहरात, परळच्या केईएममध्ये, डॉ. पी. के. सेन यांनी 16 फेब्रुवारी 1968 रोजी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला. कमजोर हृदयासाठी तेव्हा लघवीच्या गोळ्या आणि डिजॉक्सिन यांपलीकडे हातात फारसं काही नव्हतं. तिथून आजची ही औषधं, हा प्रवास लहान नाही.

हृदय कमजोर असलेल्या घरात वजनकाटा हवाच. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर घ्यायचं नाही. त्याने पाणी साठतं आणि किडनीवर भार पडतो. मिठाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, स्वयंपाकातलं धरून. आपलं मीठ भाजीत कमी आणि पापड, लोणचं, फरसाण, वडापावची सुकी चटणी, पाकिटातल्या नूडल्स यांत जास्त असतं. मच्छी खाणाऱ्या घरांत सुकट आणि सुके बोंबील. पावसाळ्यात ते रोज ताटात आले की जुलै-ऑगस्टमध्ये पाय सुजून, धाप लागून येणारे पेशंट वाढतात. सैंधव मीठही मीठच आहे. आणि 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. किडनी नाजूक असेल किंवा वर सांगितलेल्यांतल्या काही गोळ्या चालू असतील तर ते विचारल्याशिवाय आणू नका.

गोळ्या कशा घेतल्या जातात, हेही एकदा बघा. आमच्या ओपीडीत प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर उलटी केली की आतून कात्रीने कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे पडतात. कुठे नाव कापून गेलंय, कुठे तारीख. 'ही पांढरी बीपीची, ही पिवळी शुगरची.' त्यात एकच औषध दोन नावांनी असतं, एक हॉस्पिटलच्या खिडकीवरून मिळालेलं, एक बाहेरून घेतलेलं, आणि माणूस दोन्ही घेत असतो. दुकानदाराला पूर्ण स्ट्रिप द्यायला सांगा. महिन्याचा खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रातून घ्या. यातली बहुतेक औषधं तिथे बरीच स्वस्त मिळतात. गोळी किती दिवस घ्यायची, याचं उत्तर बहुतेक गोळ्यांसाठी 'कायम' असंच आहे. कोणती कमी करायची, कोणती बदलायची हे दर तीन-सहा महिन्यांनी ठरवता येतं, आणि तेवढ्यासाठी दाखवायला जायचं.

बीपी घरी मोजा. हाताच्या दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दोन वेळा. 130/80 च्या आत आणायचं आहे. शुगरची तीन महिन्यांची सरासरी, एचबीए1सी, सातच्या आसपास. आणि तंबाखू पूर्ण बंद. एकदम सुटत नसेल तर निकोटिनचं च्युइंगम किंवा पॅच मिळतात, डॉक्टरांना सांगून घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

चालणं रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. मुंबईत माणसं म्हणतात, 'स्टेशनला जाऊन-येऊन होतं की चालणं.' होतं, पण धक्के खात, घाईत आणि भरल्या पोटी. ते वेगळं. मी मात्र त्या स्टेशनचा उपयोग तपासणीसाठी करून घेते: 'दादरचा पूल चढताना मध्ये थांबावं लागतं का? दोन महिन्यांपूर्वी लागायचं का?' बिनालिफ्टच्या चाळीत राहणाऱ्यांना तिसऱ्या मजल्याबद्दल विचारते. छातीत भरून येणं आणि थांबल्यावर पाच मिनिटांत ओसरणं, हे हृदयाचं दुखणं. छाती ठीक, पण ठरावीक अंतर चाललं की पोटऱ्या भरून येतात आणि उभं राहिलं की बऱ्या होतात, हे पायाच्या धमन्यांचं. शुगर आणि तंबाखू दोन्ही असलेल्यांत ते खूप दिसतं आणि 'वयोमान' म्हणून सोडून दिलं जातं. यजमानांना तसं होत असेल तर नक्की सांगा. पायाची नाडी हाताने बघून निम्मं निदान होतं.

छातीत दुखलं तर काय करायचं, हे घरातल्या सगळ्यांना पाठ हवं. छाती जड होणं, दुखणं जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणं, दरदरून घाम. शुगर असलेल्यांना आणि बायकांना कित्येकदा दुखतच नाही, नुसती धाप, मळमळ किंवा गळून गेल्यासारखं होतं. असं काही झालं तर त्या माणसाला बसवा. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट, म्हणजे वाहिन्या सैल करणारी गोळी, दिलेली असेल तर एक गोळी जिभेखाली, बसूनच, कारण बीपी उतरून चक्कर येते. व्हायग्राच्या जातीची गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नाही. पाच मिनिटांत कमी झालं नाही तर 108 ला फोन. सोडा, ओवा, जेलुसिल घेऊन 'गॅस असेल, सकाळी बघू' म्हणत रात्र काढायची नाही. रात्री दोनला सुरू झालेलं दुखणं सकाळी नऊला घेऊन येणाऱ्यांचा बराचसा स्नायू आधीच गेलेला असतो. तुमच्या घरापासून अँजिओप्लास्टी चोवीस तास होते असं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच शोधून फ्रिजवर लिहून ठेवा.

जावेच्या इंजेक्शनचं उत्तर वेगळं आहे, कारण आजारच वेगळा. लहानपणी घशाला जंतूंचा संसर्ग होऊन, ताप येऊन, सांधे सुजतात. त्या जंतूशी लढताना शरीर चुकून हृदयाच्या झडपांवरही हल्ला करतं आणि वीस-तीस वर्षांनी झडप आखडून धाप लागते. दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये हा संधिवाताचा ताप आजही आहे. पेनिसिलिनचं ते एकवीस दिवसांचं इंजेक्शन पुन्हा ताप येऊन झडप आणखी बिघडू नये म्हणून असतं, आणि झडप खराब असेल तर निदान चाळिशीपर्यंत, कधी त्याहीपुढे चालवतात. बरं वाटतंय, मुलं झाली, म्हणून बंद करू नका. झडप फार आखडली असेल तर मांडीतून फुगा नेऊन ती उघडता येते. हृदयाचे ठोके अनियमित असतील आणि अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, वेळेवर करा. पालेभाज्यांनी या गोळीचा परिणाम बदलतो, पण पालक-मेथी सोडायची गरज नाही, दर आठवड्याला साधारण सारखी खायची. तिला पुन्हा दिवस राहणार असतील तर मात्र आधी डॉक्टरांशी बोलणं भाग आहे.

तुमच्या मुलाविषयी तुम्ही विचारलं नाही, पण वडिलांना पन्नाशीत अटॅक आलेला, तर विशी-तिशीच्या मुलाने लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), शुगर, बीपी करून घ्यावं. आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारख्याच एका कणाची, चाचणी. ते अनुवंशाने येतं, पथ्याने हलत नाही. वाढलेलं असेल तर बाकी सगळं जास्त कडक ठेवायचं, एवढंच.

पैशांचं शेवटी. 2017 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट तेव्हा 29,600 रुपयांवर आला, नंतर थोडा वाढला, पण पूर्वीसारखे लाख-दीड लाख एका स्टेंटचे आता लागत नाहीत. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायला सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास आणि झडपेचं ऑपरेशन बसतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटायचं.

या आठवड्यात जाल तेव्हा अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज पेपर, जुनी सीडी, सगळ्या गोळ्या आणि तोवर घरी मोजून लिहिलेली बीपी बरोबर न्या. इको, लिपिड प्रोफाइल, किडनीसाठी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि एचबीए1सी मागा. सूज कशाची, ईएफ किती, एलडीएल किती, हे तीन आकडे-उत्तरं कागदावर लिहून घेतल्याशिवाय केबिनमधून उठू नका.